जिंकणाऱ्याच्या गाडीतलं वजन

आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, की माझं पोट दुखू लागतं. याला औषध नाही. प्रकृती माझी ठणठणीत आहे. दुसऱ्याचं चांगलं पाहून जे दुखतं, तसलं हे दुखणं. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे, रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पांढरे पुंजके अडकू लागले, की ते सुरू होतं. जैनथला शाळेत शिकवायला जाते ती माझी बस त्या रांगेला चिकटून सरकत राहते. खिडकीतून हात बाहेर काढला तर ट्रॉलीतला कापूस बोटांना लागेल. जिनिंगची घरघर ऐकू येते, सरकीचा तेलकट वास येतो, आणि ट्रॉलीवर बसलेल्या बायांचे केस एका दिवसात पिकल्यासारखे दिसतात. बसमधले सगळे भावाचं बोलत असतात. कुणी मराठीत, कुणी तेलुगूत, कुणी उर्दूत. मी मात्र एका मोटार शर्यतीच्या हंगामात जाऊन बसलेली असते.

तो हंगाम माझ्या धाकट्या बहिणीचा. देशपातळीवरची टूरिंग कार स्पर्धा होती ती, पावसाळ्यात सुरू होऊन हिवाळ्यात संपणारी. म्हणजे आमच्याकडे कापूस लावण्यापासून वेचण्यापर्यंत जो काळ जातो, बरोबर तोच. तिकडे कोइम्बतूरला पहिली फेरी झाली तेव्हा इकडे कापसाला पात्या, म्हणजे कळ्या, लागल्या होत्या. बोंडं फुटली तोवर माझी बहीण देशभर गाजायला लागली होती.

तिचं नाव प्रज्ञा, पण घरात ती बेबी. टीव्हीवरची माणसं तिला प्रज्ञा म्हणत तेव्हा मला वाटायचं, कुणा परक्या मुलीचं कौतुक चाललंय, चालू द्यावं. मग ती हेल्मेट काढायची आणि कानामागचे केस एका बोटानं मागे सारायची. हे तिचं लहानपणापासूनचं. त्या क्षणी ती बेबी व्हायची आणि माझ्या पोटात कळ यायची.

टूरिंग कार म्हणजे काय, हे मला त्या वर्षी कळलं. तोवर वाटायचं, शर्यतीची गाडी म्हणजे जमिनीला घासत जाणारी, चाकं बाहेर आलेली, एकाच माणसापुरती. बेबी तसली गाडी चालवत असती, तर माझं एवढं दुखलं नसतं. आपला त्या गाडीशी संबंधच काय? पण ही तर चार दारांची, साधी, घरगुती गाडी. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे, ज्यांना आम्ही सगळे सार म्हणतो, तीच गाडी आहे. त्यांच्या गाडीत मागच्या काचेजवळ मान हलवणारा एक प्लॅस्टिकचा कुत्रा असतो. बेबीच्या गाडीतून सीटा, गाद्या, रेडिओ सगळं उपसून काढलेलं होतं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता. पण बाहेरून गाडी तीच. जी मी रोज शाळेच्या आवारात उभी पाहत होते, तीच. हेवा वाटायला असं जवळचं काहीतरी लागतं. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाचा मला कधी हेवा वाटला नाही.

आणि गाडी मी बेबीच्या आधी शिकले होते. सगळं दुखणं इथून सुरू होतं.

आमचे बाबा पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. आजोबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले. बाबांच्या हाती सरकारी जीपचं स्टिअरिंग आलं, ही आमच्या घरातली पहिली बढती. पुढे ती जीप थकली आणि खात्यानं हर्रासीत काढली, तेव्हा बाबांनीच ती बोली लावून घेतली. मायनं विचारलं, "भंगार काऊन आनलं घरात?" बाबा म्हणाले, "मी बी भंगारच झालो ना. दोघं संगच राहू." त्या जीपनं आम्ही उन्हाळ्यात जैनथच्या पलीकडे पैनगंगेवर जायचो. नदी आटलेली असायची, आणि पात्राच्या कडेनं वाळूचा रुंद पट्टा उघडा पडलेला असायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. बाबांनी मला तिथे गाडी शिकवली. डांबरी रस्ता सोडून वाळूत का, असं विचारलं तर म्हणाले, "सडक कोनालेही माफ करते. वाळू नाई करत."

त्यांचं शिकवणं म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. "घाबरली का पाय जड होते. पाय जड झाला का वाळू धरते. पाय हलका ठेव, वाळू सोडते." मी रुतायचे, रडकुंडीला यायचे, खाली उतरून हातांनी वाळू उपसायचे, पुन्हा बसायचे. मागच्या सीटवर बेबी कैरी खात बसलेली असायची. तेव्हा ती इतकी लहान होती, की तिचे पाय खाली टेकत नव्हते. गाडी रुतली की ती मजेत टाळ्या पिटायची.

बेबी मोठी होऊन गाडीसाठी हट्ट करू लागली तोवर बाबांची कंबर गेलेली होती. "मले आता हादरे सोसत नाईत," ते म्हणाले, "ताईले सांग." मला तोवर शाळेत नोकरी लागली होती, लग्न झालं होतं. नवरा चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, कोळसा खाणीत, तो रविवारी यायचा, आणि मी इथेच, आई-वडिलांजवळ. त्या उन्हाळ्यात मी बेबीला त्याच वाळूत गाडी शिकवली. माझी एक स्वतःची पद्धत होती. मी शेजारी बसायचे आणि माझ्या हाताचा तळवा तिच्या उजव्या गुडघ्यावर ठेवायचे. ती घाबरली, की पाय दाबायच्या आधी तिचा गुडघा ताठ व्हायचा. तो मला तळव्याला कळायचा आणि मी म्हणायचे, "हलका." हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी माझ्या गुडघ्यावर कधी हात ठेवला नव्हता, ते फक्त ओरडायचे. हात माझा होता. बाबा तिकडे काठावर, आमच्याकडे पाठ करून, बिडी ओढत बसलेले असायचे.

नंतर बेबी इंजिनियरिंगला हैदराबादला गेली, तिथल्या मुलांबरोबर छोट्या गाड्यांच्या शर्यतीत उतरली, कुणाच्या तरी नजरेत भरली, आणि एका मोठ्या टीमनं तिला गाडी दिली. हे सगळं मी एका वाक्यात सांगते आहे, कारण त्यात तिची मेहनत आहे आणि तिच्या मेहनतीबद्दल सविस्तर लिहायची मला हौस नाही.

कोइम्बतूरची पहिली फेरी ती जिंकली. शर्यत फोनवर दिसायची, मी फोन टीव्हीला जोडून द्यायचे. टीव्हीसमोर खुर्चीत बाबा असायचे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही जवळजवळ गेलं. दिवसभरात एखादा शब्द निघायचा, तोही अर्धा. त्यांना आंघोळ मी घालायचे, भरवायचेही मीच. माय पलंगाच्या कडेला तांदूळ निवडत बसायची आणि शर्यत अर्धीअधिक संपली की विचारायची, "तिले थे मधात पानी तरी देतेत का नाई?"

शर्यत संपली की एक तरुण माईक घेऊन पुढे यायचा. त्या दिवशी घामानं निथळणाऱ्या बेबीला त्यानं विचारलं, गाडी चालवायला कुणी शिकवलं?

मी पुढे सरकून बसले. खोटं कशाला बोलू, मी साडीचा पदरही नीट केला. जणू काही माझं नाव निघालं, की ते लोक मला टीव्हीतून बघणार होते.

"माझ्या बाबांनी," बेबी हिंदीत म्हणाली. "आमच्या गावाकडे नदीच्या वाळूत. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. मी घाबरले की त्यांना आधी कळायचं. म्हणायचे, पाय हलका ठेव."

इकडे बाबांचा डावा हात उचलला गेला आणि मांडीवर आपटला. एकदा, दोनदा. ती त्यांची टाळी होती. माझ्याकडून भरवून घेताना चमचा धरायलासुद्धा जो हात राजी नसायचा, तो बेबीच्या एका वाक्यावर उडाला. माय डोळे पुसू लागली. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना भांडी घासली.

माझी वस्तू कुणी उचलून नेली असती, तर मी भांडून परत आणली असती. पण हा माझा तळवा होता. तो कुठे जाऊन मागायचा? बाबांचं वाक्य मला मिळालेलं, तळवा माझा स्वतःचा, आणि दोन्ही मिळून तिनं बाबांच्या नावावर करून टाकले. त्या हंगामात मला एवढीच एक गोष्ट हवी होती. बक्षीस तिचं, कप तिचा, टाळ्या तिच्या. फक्त एकदा, कुठल्या तरी एका फेरीनंतर, तिनं त्या माईकवर म्हणावं, मला माझ्या ताईनं शिकवलं. मी प्रत्येक शर्यत त्याच एका वाक्यासाठी पाहिली. ती जिंकावी असंही त्याच्यासाठीच वाटायचं, कारण हरणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आणि ती जिंकू नये असंही वाटायचं. एकाच वेळी दोन्ही वाटायचं, आणि त्यात मला काही विचित्र वाटायचं नाही.

शाळेत गेले की सार फाटकाशीच गाठायचे. "मेडम, तुम्हारी चेल्लि टीवी में आई!" चेल्लि म्हणजे धाकटी बहीण. मी कधी कुणाची अक्का, कुणाची मॅडम, कुणाची मुलगी होते, त्या वर्षी मी फक्त चेल्लिवाली झाले. पोरं मला विचारायची, टीचर, तुमची बहीण किती जोरात गाडी चालवते? एका पोरानं तर विचारलं, टीचर, तुम्हाला सायकल येते का? मी त्याला पाढे लिहायला दिले.

पुढे बसस्टँडजवळ बेबीच्या अभिनंदनाचा मोठा फ्लेक्स लागला. त्यात ती हेल्मेट काखेत धरून उभी होती, खाली आमच्या घरातला एक जुना फोटो होता. फोटोत बाबा, माय, बेबी आणि मी. पण चौकट बसवताना मी कापली गेले होते. उरला होता तो मायच्या खांद्याशी माझा एक कोपर. रोज बसमधून जाताना मी त्या कोपराकडे बघायचे. पावसानं फ्लेक्सचा रंग उतरत गेला, आणि सगळ्यांत आधी बेबीचा चेहरा फिका पडला. कोपर शेवटपर्यंत टिकला. एवढ्याशा गोष्टीनं माणसाला किती बरं वाटू शकतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं हेव्याबद्दल बोलू नये.

पण त्या हंगामात मला खराखुरा आनंद दिला तो त्या स्पर्धेच्या एका नियमानं. तिथे जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी वजन टाकतात. शिशाच्या जाडजूड पट्ट्या, गाडीच्या तळाला बोल्टनं आवळलेल्या, जिथे एरवी शेजारची सीट असते तिथे. जिंकत राहिलं की पट्ट्या वाढतात. हरलं की कमी होतात. एकानंच पुढे पळत सुटू नये, शर्यत अटीतटीची राहावी, म्हणून. बेबीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा मला इतकं हसू आलं, की मायला वाटलं काही विनोद झाला.

असा नियम घरोघरी लावायला हवा, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. वर्गात पहिल्या आलेल्या पोरीच्या दप्तरात एक वीट. जिच्या भाकरीची सासू तारीफ करते, तिच्या पिठात मूठभर खडे. जगात कुणालाही सारखं सारखं हलकं राहू देऊ नये.

मायला मात्र हा नियम अजिबात पटला नाही. "जिकली त दंड?" ती म्हणाली. "कोन्त्या कोर्टातला कायदा हाये हा?" मग थोडा विचार करून म्हणाली, "इथं लोकं वजन वाढाव म्हून कापसाले पानी मारतेत, अन् तिथं फुकट वाढवून देतेत. आनावं म्हना त्याइले इकडं." बाबांच्या डाव्या ओठाचा कोपरा हलला. हसले असावेत.

दुसऱ्या फेरीत ती वजनासकट जिंकली. माझा नियम वाया गेला. माईक पुढे आला, वाक्य तेच आलं. बाबांनी, नदीच्या वाळूत, गुडघ्यावर हात. मांडीवर टाळी. मी भांडी घासली. आमच्या घरची भांडी त्या वर्षी चांदीसारखी होती.

मग आली ती पावसातली शर्यत. चेन्नईकडचा पाऊस ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे कोरडं, स्वच्छ ऊन, गावोगाव शेतात वेचणारणींच्या रांगा. टीव्हीत मात्र सगळं राखाडी, गाड्यांच्या मागे पाण्याचे फवारे. माय चांद्याला दीक्षाभूमीवर गेली होती, तिथल्या मेळाव्याला ती दरवर्षी जाते. घरात बाबा आणि मी.

कॅमेरा बेबीच्या गाडीत होता. वायपर, तिचे हातमोजे, शेजारी सीटच्या जागी त्या शिशाच्या पट्ट्या, आधीपेक्षा जास्त. पुढच्या गाड्या वळणावर एकेक करून गरकन फिरत होत्या आणि गवतात जाऊन बसत होत्या. सगळे घाबरत होते. सगळ्यांचे पाय जड झाले होते. बेबी येत होती. सावकाश वाटत होती, पण एकेकाला मागे टाकत येत होती. मला तिचा पाय दिसत नव्हता. दिसायची गरजही नव्हती. माझा उजवा पाय आमच्या फरशीवर अधांतरी होता, आणि माझा तळवा माझ्याच गुडघ्यावर. प्रत्येक वळणावर माझ्या तोंडून निघत होतं, हलका. हलका. तिकडे गाडी सरळ होत होती. तो पाय माझा आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. हजारो लोक जो पाय बघताहेत, तो मी घडवलाय.

ती जिंकली. माईक आला. मी या वेळी पदरही नीट केला नाही, पण कान मात्र उभे होतेच. "आज पावसात बाबांचा हात गुडघ्यावर होता," बेबी म्हणाली आणि रडली.

मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. टाळीची वाट पाहिली. हात उठला नाही.

"मी..." बाबा म्हणाले.

दिवसातला शब्द निघाला, असं मला वाटलं. पण ते थांबले नाहीत. तोंड वाकडं होत होतं, ओठाच्या कडेनं लाळ येत होती, मी पुसायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"मी... नाई ठेवला... हात." टीव्हीत कप देणं चालू होतं. "तू... ठेवला. मी... पाह्यलं ना."

एवढंच. मनगट सोडलं आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागले.

म्हणजे काठावर पाठ करून बसलेला माणूस पाठ करून बसलेला नव्हता. मी त्यांच्या पायांशी खाली बसले आणि रडले. आनंदानं रडले म्हणायला हरकत नाही, पण त्यात रागही होता. तुम्हाला माहीत होतं, मग दरवेळी टाळी कशाला वाजवलीत? हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर द्यायला त्यांच्याकडे तेवढे शब्द नव्हते. ते पुन्हा कधी हे बोलले नाहीत. माय परत आली, मी पुन्हा एकदा फोन जोडून तीच शर्यत लावली, बेबीचं वाक्य आलं, आणि बाबांनी निमूट मांडीवर टाळी वाजवली. जणू काही झालंच नव्हतं. साक्षीला कुणी नाही.

त्या हंगामाचा शेवट बेबीला लाभला नाही. शेवटच्या फेरीपर्यंत तिच्या गाडीत इतकं वजन साचलं होतं, की सरळ रस्त्यावर बाकीचे तिला सोडून निघून गेले. अजिंक्यपद थोडक्यात हुकलं, एकूण ती दुसरी आली. माईकवाला तिच्या बाजूनं धावत पहिल्याकडे गेला. मला आधी बरं वाटलं. मग ती एका टायरच्या ढिगावर एकटीच बसलेली दिसली, कानामागचे केस सारत. तेव्हा पोटात जे झालं त्याला हेवा म्हणता येणार नाही. पण फार वेळ टिकलं नाही ते. ती घरी आली तेव्हा अख्खी गल्ली तिचं सांत्वन करायला लोटली, दुसरी आली म्हणून तिला इतके पेढे मिळाले, की पहिल्याला काय मिळाले असतील असं वाटावं. हरणंसुद्धा हिला शोभून दिसतं, असं मनात आलं आणि मी पुन्हा पूर्ववत झाले.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. सगळे पांगल्यावर बेबीनं मला विचारलं, "ताई, बाबा माह्या शर्यती पाहून काही बोलत होते का वं?"

"टाळी वाजवायचे," मी म्हटलं. "मांडीवर. एका हातानं."

ते खोटं नव्हतं.

यंदा कापसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि बेबीही घरी आली. ती अजून शर्यतीत आहे, आता दुसऱ्या टीमकडून. रविवारी म्हणाली, "चाल ना ताई, नदीवर जाऊ. जीप तूच चालव." जीप माझ्याकडे आहे. बाबांचं जे काही वाटून घेण्यासारखं होतं, त्यात बेबीनं काही मागितलं नाही, जीप मी मागितली. यार्डाची रांग ओलांडून, जैनथ मागे टाकून आम्ही पैनगंगेवर पोचलो. नदीला अजून पाणी होतं, वाळूचा पट्टा उन्हाळ्यापेक्षा बराच अरुंद. मी जीप खाली घातली, तशी आमच्या राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूनं दोन्ही हातांनी समोरचा दांडा पकडला. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग असलं की ती भीतीनं अर्धी होते. हे टीव्हीवर कधी दाखवलं नाही त्यांनी.

"ताई," ती काही वेळानं म्हणाली, "एक सांगू? थे गुडघ्यावरचा हात तुहा होता, मले मालूम होतं. पण बाबा पाहून राह्यले असतीन, त्याइले बरं वाटन, म्हून मी दरवेळी त्याइचंच नाव घेतलं. तुले राग त नाई आला?"

मी समोर बघत होते. हात चिकटल्यासारखे स्टिअरिंगवर होते. ज्या वाक्यासाठी मी अख्खा हंगाम फरशीवर पाय अधांतरी धरून बसले, ते हे असं, माईक नसताना, वाऱ्यावर आलं. आणि आलं तेही तिच्या चांगुलपणाला बांधून. मन मोठं असणं हेसुद्धा शेवटी तिच्याच वाट्याला. माझ्या वाट्याला काय, तर राग आला का, या प्रश्नाचं उत्तर.

"राग कायचा?" मी म्हटलं.

आता सांगायची वेळ होती. बाबांना ठाऊक होतं, म्हणून सांगायचं. त्यांनी स्वतःच्या वाकड्या तोंडानं मला सांगितलं, आणि तरी तुझ्या त्या वाक्यावर मांडीवर टाळ्या वाजवल्या, म्हणून सांगायचं. एका वाक्यात तिचं ते सगळं देणं मी खाली पाडू शकले असते. नाही सांगितलं. लोक म्हणतील, मोठ्या बहिणीनं धाकटीचं मन जपलं. तसलं काही नाही. तिच्याकडे कप आहेत, फ्लेक्स आहेत, अख्ख्या देशानं ऐकलेलं बाबांचं नाव आहे. माझ्याकडे बाबांनी मनगट धरून दिलेले चार अर्धे शब्द आहेत, ते मी कुणाला देणार नाही. तिला तर नाहीच.

जीपचं मागचं चाक वाळूत बसू लागलं. इंजिन कण्हलं.

"जड चालून राह्यली वं गाडी," बेबी म्हणाली. "मांगं काय भरलं तुनं?"

"वजन."

"काऊन?"

"जिकनाऱ्याच्या गाडीत टाकतेत ना?"

"तू कदी जिकली?" ती हसली. हसता हसता तिनं दांडा आणखी घट्ट धरला. चाक घसरत होतं, आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्यासारखाच, तळवा पालथा.

"हलका, ताई," ती म्हणाली.

"मले शिकोते का?" मी म्हटलं, आणि पाय हलका केला. वाळूनं गाडी सोडली.